गौरींसाठी गोळ्या

वाळिंब्यांच्या घरात देवापुढचा दिवा कोणी लावला, यावरून सुनेचा महिना कळायचा. कोणी कोणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. सकाळी श्रुती आंघोळ करून आली, निरांजनात वात घातली, हात जोडले आणि डबा उचलून मेट्रोकडे पळाली, की सगळं नेहमीसारखं. एखाद्या सकाळी ती देवघराकडे न वळता सरळ चपलांकडे वळली, की त्या दिवसापासून चार दिवस दिवा कालिंदीबाई लावायच्या.

कालिंदीबाई म्हणजे श्रुतीच्या सासूबाई. गेली सहा वर्षं श्रुती अशी चपलांकडे वळली, की त्या कॅलेंडरकडे बघायच्या. आणखी एक महिना गेला. वात लावताना त्या मनातल्या मनात देवाला म्हणायच्या, 'पुढच्या महिन्यात तरी मला हा दिवा लावायला लावू नकोस रे बाबा.'

हे घर कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. कालिंदीबाईंचे यजमान गजाननराव सरकारी भूविज्ञान खात्यात होते. बदली होऊन इथे आले, आणि खात्याने पुन्हा हलवायच्या आत मुलगा नचिकेत इथल्याच शाळेत रुळला, कालिंदीबाईंना हावड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली, आणि पुण्याला परत जायचं राहूनच गेलं. तीस वर्षं त्या बसमध्ये उभ्या राहून पूल ओलांडत होत्या. निवृत्त झाल्या तरी मुलांवाचून करमेना, म्हणून रविवारी सकाळी शहरातल्या मराठी घरांतली पाच-सात मुलं गोळा करून त्यांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायच्या. मुलं घरात मराठी ऐकायची, बाहेर हिंदी-बंगाली बोलायची, आणि कालिंदीआजींकडे येऊन तिन्हीची भेळ करायची. त्या कधी चिडल्या नाहीत. त्यांचा एकच दंडक होता: शंका आली की विचारायची. "का" असं विचारणाऱ्या पोराला गप्प करायचं नाही. उत्तर येत नसेल तर म्हणायचं, मला माहीत नाही, शोधून सांगते.

पुण्याहून येताना कालिंदीबाईंच्या सासूबाईंनी त्यांच्याजवळ गौरींचे पितळी मुखवटे दिले होते, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. तेव्हापासून दर भाद्रपदात या घरात गौरी यायच्या. चार वर्षांपूर्वी गजाननराव गेले. एक वर्ष गौरी बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी प्रश्न आला तो पूजेचा. वाळिंब्यांकडे गौरींना हळदकुंकू लावायचं ते घरच्या सवाष्णीने. पुण्यात असत्या तर जावा होत्या, पुतण्यांच्या बायका होत्या, एकीची अडचण तर दुसरी उभी राहिली असती. इथे घरची सवाष्ण एकच, श्रुती. आणि गौरी काही तिचा महिना बघून येत नाहीत.

श्रावण संपता संपता, एका संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात घेवडा मोडत बसल्या होत्या.

"श्रुती, यंदा गौरी कधी आहेत, बघितलंस का गं?"

"बघितलं."

"नाही, म्हणजे… तारखा बघून ठेव हं."

श्रुतीने मान वर केली नाही. "बघितल्यात. अगदी आडव्या येतायत. गोळ्या आणीन मी."

"आणशील? बरं. नाही, म्हणजे तुला त्रास होत असेल तर…"

"तर काय करणार आई?"

कालिंदीबाईंनी शेंगेची शीर ओढली. "तर काही नाही. म्हटलं आपलं."

नचिकेत दारात उभा राहून ऐकत होता. "आई, तू गौरींना मेसेज का नाही टाकत? म्हणावं, आठवडाभर उशिरा या, इथे सुनेची सोय बघून ठरतं."

"तू गप रे. जीभ बघ याची, देवाधर्माला सुद्धा सोडत नाही."

तिघंही हसले. गोळ्यांत नवीन काही नव्हतंच. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्या श्रुतीने याआधीही दोनदा घेतल्या होत्या. सियालदहला तिची बँक, तिथल्याच औषधांच्या दुकानातून ती आणायची. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करायच्या, गौरी गेल्या की बंद. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाळी यायची, आणि दिवा कालिंदीबाईंकडे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती नसती तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

पहिली काही वर्षं श्रुती तारखेच्या आधीच टेस्ट करायची. धीर निघायचा नाही. बाथरूममध्ये पट्टी घेऊन जायची, आणि बाहेर नचिकेत उगाच वर्तमानपत्र उलटंपालटं करायचा. नेहमी एकच रेघ. मग श्रुतीला वाटायचं, लवकर केली म्हणून असेल. दोन दिवसांनी पुन्हा. पुन्हा एकच रेघ. दोनदा मोठे उपचार झाले, तेही वाया गेले. शेवटी एकदा तिने कपाटातल्या उरलेल्या सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढे पाळी चांगली आठवडाभर चुकल्याशिवाय मी टेस्ट करणार नाही. डॉक्टरही तेच सांगतात. आधी करून काही कळत नाही. नुसतं रडायला होतं."

नियम शहाणपणाचा होता. सगळ्यांना पटला. घरात जरा शांतताही आली. फक्त, ज्या महिन्यात आपणच तारीख ढकलली, त्या महिन्यात हा नियम कुठून मोजायचा, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. गणिताच्या बाईंच्याही नाही.

गौरी आल्या. लिफ्टच्या दारापासून देवघरापर्यंत कालिंदीबाईंनी रांगोळीची पावलं काढली. श्रुतीने हिरवी नऊवारी नेसून मुखवटे तबकात घेतले. प्रत्येक पावलावर थांबायचं, आतून कालिंदीबाईंनी विचारायचं, गौरी कशाच्या पावलांनी आली, आणि बाहेरून श्रुतीने सांगायचं: सोन्याच्या, धान्याच्या, आरोग्याच्या. शेवटचं पाऊल मुलाबाळांचं. दर वर्षी त्या पावलाशी श्रुतीचा आवाज खाली जायचा. यंदाही गेला. कालिंदीबाईंनी तो ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "या, या, घर तुमचंच आहे."

दुसऱ्या दिवशी पूजा. रविवारची मुलं आयांबरोबर जेवायला आली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या बंगाली बाईही आल्या, 'तुमच्या देवी आमच्या देवीपेक्षा घाईच्या, महिनाभर आधीच माहेरी येतात,' म्हणून हसल्या. मुलांना गौरींची साडी वर करून बघायची होती.

"आजी, हिला पाय नाही! आत स्टँड आहे," केदार म्हणाला.

"पाय नाहीत म्हण. आणि साडी सोड."

"पाय नाहीत तर चालून कशी आली?"

"अरे, काल श्रुतीकाकूने उचलून आणलं ना."

श्रुती पूजेला बसली होती, हळदकुंकू वाहत होती. कालिंदीबाई भिंतीशी उभ्या राहून काय उचलायचं, काय वाहायचं ते सांगत होत्या. पाठ त्यांना होतं, हात श्रुतीचे. नूपुर म्हणून नऊ वर्षांची एक मुलगी होती, वर्गातली सर्वांत चौकस. ती बराच वेळ बघत होती.

"आजी, सगळं तुम्हाला येतं, मग तुम्ही का नाही करत?"

"आमच्यात तसं असतं गं."

"पण का?"

कालिंदीबाईंनी ताटातला करंजीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "खा आधी."

नूपुर खायला लागली. उत्तर देण्याऐवजी खाऊ देऊन एखाद्या मुलाला गप्प करायची कालिंदीबाईंची ती पहिलीच वेळ होती, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पुरणाच्या पोळ्या व्हायच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. गोळ्या थांबल्या. कालिंदीबाई आपल्या सवयीने दिव्याची वाट बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दिवा श्रुतीने लावला. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला, रोज सकाळी श्रुतीच दिवा लावत होती. कालिंदीबाईंनी स्वतःला दटावलं: उगाच आशा करू नकोस, गोळ्यांनी मागेपुढे होतं. पण कणिक मळताना, खिडकीत उभं राहिलं असताना, मन तिथेच जायचं. समोरच्या मैदानात दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते. रोज सकाळी ते थोडे उंच झालेले असायचे, आणि रोज सकाळी दिवा श्रुतीने लावलेला असायचा.

शेवटी त्यांना राहवेना. श्रुती डबा भरत होती.

"अगं, एकदा टेस्ट करून बघतेस का?"

"आई, नको."

"नाही, पण इतके दिवस…"

"गोळ्या घेतल्यायत मी. लांबणारच. गोळ्या थांबवल्यापासून मोजा ना, कुठे काय झालंय एवढं?" तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. "मला ती पट्टी पुन्हा हातात धरायची नाही. तुम्हाला नाही कळायचं."

ती गेली. कालिंदीबाईंनी आणखी काही दिवस कळ काढली. मग एका दुपारी पर्स घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा होता, त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणायचा.

"माशीमा, प्रेशरच्या गोळ्या ना?"

"नाही. ती टेस्ट द्या."

"शुगरची?"

"गरोदरपणाची."

त्याने चष्म्यावरून बघितलं. मागे उभा असलेला तरुण खोकल्यासारखं करून हसला. कालिंदीबाई वळून त्याला म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही रे बाबा, घाबरू नकोस." मग तो खरोखरच हसला, दुकानदारही हसला, आणि त्या ती डबी पर्समध्ये घालून हलक्या मनाने घरी आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना असं हलकं वाटलं होतं.

घरी येऊन त्यांनी आतला घडी घातलेला कागद उलगडला. वर्गात त्या मुलांना नेहमी सांगायच्या, आधी सगळा प्रश्न वाचा, मग पेन उचला. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. पाळी चुकल्याच्या दिवसापासून टेस्ट करावी, असं लिहिलं होतं. पाळी चुकल्याचा दिवस. त्या तिथे थांबल्या. या महिन्यात तो दिवस कोणता?

श्रुती गोळ्या थांबवल्यापासून मोजत होती. पण गोळीने थांबते ती पाळी. पोटात काही रुजलं असेल, तर ते गोळी संपायची वाट बघत बसत नाही. गोळ्या वजा केल्या, तर पाळीची खरी तारीख होती गौरी जेवल्या तो दिवस. म्हणजे महिना चुकलेला होता आणि त्यालाही तीन आठवडे होत आले होते. आणि गोळ्या सुरू केल्या त्या त्याच्याही आधी. म्हणजे असेलच काही, तर गोळी पडली तेव्हा ते तिथे होतं.

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो डबीत ठेवला. खाली कुणीतरी मांडवावर खिळे ठोकत होतं.

संध्याकाळी त्यांनी श्रुतीला हे जसंच्या तसं समजावून सांगितलं, वर्गात सांगायच्या तसं, पायरी पायरीने. ऐकता ऐकता श्रुतीने बोटांवर दिवस मोजले. मग तिने डबी घेतली.

सकाळी बाथरूमचं दार उघडलं ते धाडकन. नचिकेत दाराला कान लावून उभा होता, त्याच्या कपाळावर आपटलं. श्रुतीच्या हातात पट्टी होती. ती तिने पुढे केली. दोन रेघा होत्या. फिक्या नाहीत, संशयाच्या नाहीत. पानावर शाईने ओढाव्यात तशा दोन रेघा.

"आई," नचिकेत कपाळ चोळत म्हणाला, "हे दोन आहेत ना? का मला दोन दिसतायत?"

"दोनच आहेत रे गाढवा."

श्रुती हसत होती आणि रडत होती. तिने आंघोळ केली, दिवा लावला. कालिंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि बँकेत जायच्या आधी श्रुतीने स्वतःच दोनदा विचारलं, "नागपूरला आईला तरी सांगू का?" "सांग की," कालिंदीबाई म्हणाल्या. "आईला सांगायचं नाही तर कोणाला?"

तो दिवस चांगला गेला. तेवढा एकच.

मग तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई जुन्या ओळखीच्या, श्रुतीचे आधीचे उपचारही त्यांच्याकडेच झाले होते. अभिनंदन केलं, लगेच सोनोग्राफीला झोपवलं. पडद्याकडे बघता बघता त्यांनी यंत्र पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, पिशवी दिसतेय, पण दिवसांच्या मानाने लहान आहे. ठोके अजून दिसत नाहीत. कधी कधी दिवसांचा हिशेब चुकतो. आठवड्याने पुन्हा बघू.

मग टेबलाशी येऊन लिहिता लिहिता त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. इतर काही औषधं?

"पाळी लांबवायच्या गोळ्या," श्रुती म्हणाली. "पूजा होती घरी."

"कधी?"

श्रुतीने सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"सुरू करायच्या आधी टेस्ट केली होती?"

खोलीत पंखा फिरत होता. श्रुतीने मान हलवली. नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढे लिहायला लागल्या. पण तो एक प्रश्न चौघांच्या मध्ये टेबलावर पडून राहिला.

परत येताना ऑटोत नचिकेत पुढे बसला होता. दोघी मागे. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी लागत होत्या. श्रुती बाहेर बघत म्हणाली, "त्या दिवशी दुकानात टेस्टच्या डब्या समोरच होत्या आई. काचेच्या आत, गोळ्यांच्या शेजारी. मी बघितल्या. मला वाटलं, नको. आपला नियम आहे. तारीख तर अजून आलीच नाही, मग कशाला?"

कालिंदीबाईंनी तिचा हात धरला. तो तिने काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत.

आठवडा कसा गेला ते त्या घरातल्या भिंतींनाच माहीत. श्रुती रोज दिवा लावायची. वात लावून झाल्यावर तिथेच उभी राहायची, ऑफिसला उशीर होईपर्यंत. नचिकेतने थट्टा करायची सोडून दिली होती. बाहेर शहराला दुर्गापूजेचं उधाण आलं होतं. रस्त्यांवर माणसं मावत नव्हती, ढाक, म्हणजे इथले पूजेचे ढोल, वाजत होते. सप्तमीच्या दिवशी दवाखाना अर्धा वेळच उघडा होता. गर्दीतून तिथे पोचायलाच दुपार झाली.

पिशवी वाढली नव्हती. ठोके नव्हते.

आतल्या खोलीत श्रुतीला पुढे काय करायचं ते नर्स सांगत होती. नचिकेत पैसे भरायला गेला होता. कालिंदीबाईंनी डॉक्टरांना बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं.

"डॉक्टर, एक विचारू? गोळ्यांमुळे झालं का?"

डॉक्टर थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी कालिंदीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "माशीमा, इतक्या लवकर जे जातं, त्यातल्या बहुतेकांत मूळ गर्भच नीट धरलेला नसतो. गोळ्या घेतल्या नसत्या तरी गेलं असतं. बहुधा."

"आणि आधी टेस्ट केली असती तर?"

"तारखेच्या आधी? तेव्हा टेस्टमध्ये काही आलंही नसतं, बहुधा."

दोन वेळा तो शब्द आला. डॉक्टरांनी आधार द्यायलाच तो वापरला होता, आणि खोटं बोलायचं नव्हतं म्हणूनही. कालिंदीबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. बहुधा म्हणजे किती, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

घरी आल्यावर त्यांनी श्रुतीला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मोठ्या आशेने सांगितलं. श्रुती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आलं नसतं ना टेस्टमध्ये?" ती म्हणाली. "पण मी करून बघितली असती तर निदान मला माहीत असतं, की बघितलं होतं. आता जन्मभर मी त्या दुकानात उभी राहणार."

अष्टमीच्या सकाळी ती देवघराकडे वळली नाही. चपलांकडेही नाही. ती उठलीच नाही. मैदानातून ढाकाचा आवाज येत होता, घराघरांतली माणसं नवे कपडे घालून देवीला पुष्पांजली वाहायला चालली होती. समोरच्या बाईंनी बेल वाजवून विचारलं, सगळे चला ना खाली. कालिंदीबाईंनी सांगितलं, सुनेला बरं नाही. दार लावलं. मग त्यांनी दिवा लावला. मागणं काहीच सुचेना.

दुर्गापूजा संपली. मांडव उतरला. बांबू गेले आणि मैदानात खड्डे राहिले. श्रुती बँकेत जायला लागली. कामं सगळी करायची, विचारलं तर बोलायची. नचिकेत कधी टीव्ही लावायचा, कधी बंद करायचा. शरीराचं होतं ते थांबलं, डॉक्टरांनी सगळं ठीक म्हणून सांगितलं. पण श्रुती दिव्याकडे परत आली नाही. सकाळी आंघोळ करून ती सरळ दाराशी जायची. दिवा रोज कालिंदीबाईच लावत होत्या, आणि आता त्यावरून घरातलं काहीही कळत नव्हतं.

रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला होता. त्या रविवारी मुलं गेल्यावर कालिंदीबाई पाट्या, पुस्तकं आवरत होत्या. श्रुती ओट्याशी चहा करत होती. नचिकेत बाहेर गेला होता. कालिंदीबाईंनी कित्येक दिवस मनात जुळवलेलं वाक्य शेवटी काढलं.

"श्रुती, मी ठरवलंय. पुढच्या वर्षीपासून गौरींची पूजा मी करणार."

श्रुतीने वळून बघितलं.

"तुझी तारीख असो, नसो. तुला गोळी म्हणून घ्यायची नाही. हळदकुंकू मी वाहीन."

"तुम्ही?"

"हो, मी."

"चालतं?"

"न चालायला काय झालं? देवी काय माझा हात धरणार आहे? पुण्याचे म्हणतील काय म्हणायचं ते. माझं घर आहे, माझ्या गौरी आहेत." बोलता बोलता त्यांना धीर आला. आवाज जरा मोठा झाला. "खरं म्हणजे त्यात काही नाहीच गं. नुसती रीत. आपण धरून बसतो इतकंच."

श्रुतीने गॅस बंद केला. चहा दोन कपांत ओतला. एक त्यांच्यापुढे ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कालिंदीबाईंनी तो झेलला असता, त्यासाठी त्यांनी मन घट्ट करून ठेवलं होतं. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती, वर्गात एखादं मूल खरोखरच न कळल्यामुळे बघतं तशी.

"मग यंदाच का नाही केलीत, आई?"

कालिंदीबाईंचा हात कपाकडे जात होता, तो मध्येच थांबला. श्रुती वाट बघत होती. टोचायला विचारलं नव्हतं तिने, तिला उत्तर हवं होतं. आयुष्यभर त्यांनी सगळ्या मुलांना दिलेला शब्द त्यांच्या ओठांवर आला, मला माहीत नाही, शोधून सांगते. पण तो खोटा झाला असता. शोधण्यासारखं काही नव्हतं. घेवडा मोडताना श्रुतीने विचारलं होतं, तर काय करणार आई, आणि तेव्हाच उत्तर त्यांच्याजवळ होतं. ते त्यांच्या दोन हातांत होतं.

चहावर साय धरली. श्रुतीने आपला कप उचलला, आणखी क्षणभर थांबली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.